बिनलसणी चार वर्षं

आपण बायकोशी बोलत नाही, हे भूपाल मगदूम ज्या दिवशी विसरले, तो दिवस त्रिशलाला नीट आठवतो. मंगळवार होता. जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीतल्या त्यांच्या भडंगाच्या दुकानात सकाळचा पहिला घाणा निघाला होता. भूपालांनी कढईतलं गरम भडंग मुठीत घेतलं, मूठ तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, “त्रिशला, मीठ बघ गं.”

तीन वर्षं या माणसानं तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. काही सांगायचंच झालं तर मध्ये पद्माक्का लागायची. पद्माक्का म्हणजे भूपालांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती माहेरी, म्हणजे इथेच राहायची. निरोप इकडून तिकडे नेताना त्यात स्वतःच्या पदरचं तिखट घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या मंगळवारी ती पोत्यावर बसून शेंगदाणे निवडत होती. भावाचं बोलणं ऐकून तिचा हात थांबला.

“सुटले बाई मी,” ती शेंगदाण्यांना म्हणाली.

त्रिशलानं भडंग तोंडात टाकलं. मीठ बरोबर होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मिरचीवर ढकललं.

आता अबोला कशावरून, ते सांगायला हवं. मगदुमांचं भडंग बिनलसणी. भूपालांच्या वडिलांनी, आदगोंडा मगदुमांनी, तरुणपणी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराजांसमोर लसणासकट कंदमुळं सोडली. आपण जे खात नाही ते दुसऱ्याला विकायचंही नाही, असा त्यांचा हिशेब होता. मुलानं नेम घेतला तो त्यांच्याकडूनच, आणि त्यांची लोखंडी कढईही त्यांच्याकडूनच. लसणाशिवाय भडंग म्हणजे काय, असं सांगलीकडची माणसं नाक उडवून विचारायची आणि किलोभर बांधून न्यायची.

त्रिशलानं लग्नानंतर पस्तीस वर्षं हेच भडंग विकलं. पण नवी पिढी दारात येऊन “लसूणवालं आहे का?” विचारून परत जायची, ते तिला बघवेना. शेजारचा गाळा रिकामा होता. तिथं तिनं वेगळी कढई, वेगळे डबे घेऊन लसूण भडंग सुरू केलं. भूपाल बोलले नाहीत काही, एवढंच म्हणाले, “भिंतीच्या अलीकडं येऊ देऊ नको म्हणजे झालं.”

मग ते पंधरा दिवस श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेले आणि इकडे कोल्हापूरच्या एका लग्नाची मोठी मागणी आली. ऐन वेळी गाळ्यातल्या कढईचा कान तुटला. त्रिशलानं एकच दिवस सासऱ्यांची कढई भिंतीपलीकडे नेली. नंतर राख आणि चिंच लावून पाचदा घासली, उन्हात वाळवली, जागेवर ठेवली. भूपाल परत आले, भट्टीशी गेले, कढईवर वाकले. लोखंडाला वासाची सवय लागते आणि मगदुमांच्या नाकाला नेमाची.

“डोळे झाकून जेवत होतो मी हिच्या हातचं,” ते पद्माक्काला म्हणाले. तिथून पुढे तीन वर्षं ते पद्माक्काच्या हातचं जेवले.

तर त्या मंगळवारी “मीठ बघ गं” झालं आणि त्रिशलाला वाटलं, माफ केलं. तिला तसं वाटलं यात तिची काही चूक नाही. संध्याकाळी ते तिच्या हातचं जेवले. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून दोघं ताटं घेऊन गच्चीवर बसायची, तशी परत बसू लागली. ते तिला आपल्या शाळेतल्या मारकुट्या मास्तरांची गोष्ट सांगायचे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट सांगायचे. तिला ती गोष्ट आवडायची. तीन वर्षं भुकेल्या माणसानं दोनदा वाढलं म्हणून तक्रार करायची नसते.

माफी नव्हे, हे दुखणं आहे, हे तिला कळायला आठ महिने लागले. एका सकाळी एकाच घाण्याला त्यांनी पाच वेळा मूठ पुढं केली. पाचही वेळा नव्यानं.

*

पुढची चार वर्षं त्रिशलाच्या संसारातली सगळ्यात गोड वर्षं. हे ती कुणाला सांगायची नाही. सांगणार कसं? नवऱ्याच्या डोक्यात काही टिकत नाही आणि बायको खूश आहे, असं म्हटलं तर लोक तोंडात बोट घालतील. पण होतं ते होतं. भूपाल रोज गच्चीवर तिला विचारायचे, आपल्या लग्नाला किती वर्षं झाली. ती सांगायची. ते म्हणायचे, “एवढी? आणि अजून भांडलो नाही आपण?” ती म्हणायची, “नाही.”

ही एक थाप. दुसरी, लसणाची, तिनं मारली नाही. त्यांना आपल्या हातचं वाढायच्या आधी ती लसणाच्या गाळ्यातलं लुगडं बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि स्वयंपाकाची भांडी वेगळ्या फळीवर ठेवायची. त्यांना नेम आठवत होता की नव्हता, काही दिवस आठवायचा, काही दिवस नाही. बघणारं कुणी नव्हतं. पद्माक्का स्वतःचं वेगळं शिजवून खायची आणि दुपारभर झोपायची.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात मिरजेच्या डॉक्टर रुबिना मुजावर यांचा फोन आला. गेली तीन वर्षं भूपाल त्यांच्याच तपासणीत होते. “काकू, औषध आलंय. काकांना घेऊन या.”

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तिथं डॉक्टर मुजावर वयानं सगळ्यांत लहान आणि बोलण्यात सगळ्यांत सोप्या. त्यांनी भूपालांच्या डोक्यावर प्रकाशाची टोपी चढवली. टोपीतून कवटीच्या आत उजेड जायचा आणि किती रक्त कुठं पोचतंय त्याचा नकाशा पडद्यावर उमटायचा. बोटातून थेंबभर रक्त घेतलं, त्यातून मेंदूतल्या प्रथिनांचे आकडे निघायचे. भूपाल टोपी घालून शेजारच्या म्हातारीला म्हणाले, “नवरदेव दिसतोय ना मी?” म्हातारी लाजली.

“हा निळा भाग बघा,” डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “इथं रक्त कमी पोचतंय. मेंदूतल्या बारीक वाहिन्या केसाहून बारीक असतात. त्यांना बाहेरून काही पेशी मूठ घालून धरतात. गरजेप्रमाणं सैल सोडायचं, आवळायचं, हे त्यांचं काम. काकांच्या मुठी आवळल्या त्या सुटल्याच नाहीत.”

“रक्त कमी जातंय तर मग चालतात, बोलतात, चेष्टा करतात कसे?” त्रिशलानं विचारलं. हे तिनं आधीही विचारलं होतं. पण नीट कळेपर्यंत विचारायचं, असं तिनं ठरवलं होतं.

“तुमच्या भट्टीचा जाळ निम्मा केला तर तुम्ही आधी काय बंद कराल? दुकानातला दिवा?”

“दिवा कशाला? घाणा बंद करीन. जुना माल आहे तोवर गिऱ्हाईक सांभाळीन.”

“मेंदू तेच करतो. प्रथिनं बनवणं हे त्याचं फार खर्चिक काम. रक्त जरा कमी आलं की दिवे विझायच्या कितीतरी आधी हा घाणा बंद होतो. बाहेरून बघणाऱ्याला दुकान चालूच दिसतं. पण नवी आठवण पक्की करायची तर पेशींच्या सांध्यांवर ताजी प्रथिनं लागतात. ती नाहीत. म्हणून सकाळचं दुपारी राहत नाही. दुसरं म्हणजे, नको असलेली प्रथिनं रोज धुऊन जायला हवीत, आणि तेही रक्ताच्या ओढीवरच चालतं. ओढ कमी झाली की ती साठतात. तुमच्या भट्टीभोवती करपलेला कोंडा साठतो ना, तशी.” त्यांनी दोन आकडे दाखवले. हवं ते खाली होतं, नको ते वर.

“आणि औषध?”

“मुठी सैल करतं. बारा सोमवार. पेशी मेलेल्या नाहीत, काकू, घाणा बंद करून बसल्यात. रक्त आलं की पुन्हा भट्टी पेटवतील. बहुतेकांच्या पेटल्यात.”

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो गाडीत बसल्यापासून तिच्या जिभेवर होता. “डॉक्टर, यांच्या जुन्या आठवणी परत येतील?”

“ज्या एकदा पक्क्या झाल्यात त्या येतील. कपाटात आहेत, दार अडकलंय, एवढंच.”

“अबोलासुद्धा?”

डॉक्टरांना ती भानगड पद्माक्काच्या कृपेनं तपशीलवार माहीत होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. “अबोला कपाटात आहे, काकू.”

“आणि ही चार वर्षं?”

“ती कपाटात गेलीच नाहीत. घाणाच बंद होता ना.”

म्हणजे सरळ होतं. भांडण परत मिळणार आणि गच्ची जाणार. तीन कडू वर्षं त्यांच्याकडं येणार आणि चार गोड वर्षं एकट्या तिच्याकडं राहणार, कुणी साक्षीला नसताना. त्रिशलानं विचारलं, वर्षभर थांबलं तर?

“घाणा बंद ठेवून दुकान किती दिवस चालेल?” डॉक्टर म्हणाल्या. “पुढं दिवेही जायला लागतील. तेव्हा माझ्याकडं काही नसेल. अजून एक. संमती काकांचीही लागेल. लक्षात राहणार नाही त्यांच्या, तरी विचारायचं. वेगवेगळ्या दिवशी विचारा. सात वेळा एकच उत्तर आलं तर मी ते त्यांचं उत्तर मानीन.”

*

सात संध्याकाळी त्रिशलानं गच्चीवर नवऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मुठी, घाणा, बारा सोमवार. सातही वेळा भूपाल म्हणाले, “मग विचारतेस काय? डोकं माझं आहे की शेजाऱ्याचं? करू की.”

चौथ्या संध्याकाळी तिनं पुढचंही सांगितलं. “बरे झालात की तुम्हाला आठवेल, आपण तीन वर्षं बोलत नव्हतो.”

भूपालांनी घास खाली ठेवला. “का?”

तिनं कढईचं सांगितलं. काही लपवलं नाही.

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, “चूक केलीस तू.” थोड्या वेळानं म्हणाले, “तीन वर्षं म्हणजे फार झाली पण.” आणि मग त्यांनी तिच्या ताटात आपल्या वाट्याची दशमी ठेवली. पाचव्या संध्याकाळी यातलं काहीही त्यांच्याकडं उरलेलं नव्हतं.

पद्माक्काला हे कळलं तेव्हा ती कपाळावर हात मारून घेती झाली. “अगं, मोबाइलमध्ये धरून ठेवायचंस की ते बोलणं. बरा झाला की दाखवायचं, बघ म्हणावं, तूच म्हणालास.”

“नको वन्सं. त्यांचंच तोंड त्यांच्या तोंडावर मारायचं, हे मला जमायचं नाही.”

“मग भोग,” पद्माक्का म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सही करायला मिरजेला बरोबर गेली.

पहिले चार सोमवार काही झालं नाही. पाचव्या सोमवारी परतताना भूपालांनी विचारलं, “हा पूल कधी झाला?” त्रिशलानं गाडीच बाजूला घेतली. पूल होऊन तीन वर्षं झाली होती आणि ते त्यावरून शंभरदा गेले होते. मुद्दा पुलाचा नव्हता. आपल्याला हा पूल माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला सांगितलं, “काल एक पूल बघितला.” काल बघितलेलं आज होतं. त्रिशलानं त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना भडंग वाटलं आणि कारण विचारलं तर म्हणाली, “पूल झाला.”

सातव्या आठवड्यात त्यांनी चुरमुरेवाल्याला फोन लावला, आकडे न बघता. आठव्यात विजेची भट्टी बघून “हे भूत कुणी आणलं?” म्हणून चिडले. ती त्यांनीच आणली होती. नवव्या सोमवारी टोपीच्या नकाशात निळं फारसं राहिलं नव्हतं, हवी ती प्रथिनं वर चढत होती, नको ती उतरत होती आणि डॉक्टर मुजावर खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.

दहाव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, त्रिशलानं चहा पुढं ठेवला. भूपालांनी कपाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, कढईकडं पाहिलं आणि पेपर उघडला. थोड्या वेळानं पद्माक्का स्वयंपाकघरात आली. पदरानं तोंड पुसत होती, पण हसू पुसलं जात नव्हतं.

“तो म्हणतोय, तिला सांग, चहा नको.” मग ती पिठाच्या डब्यावर टेकली. “आला बाई तुझा नवरा परत.”

त्रिशला ओट्याला धरून उभी राहिली. तिला रडायचं होतं. पण आतून हसूच आलं, ते आवरेना. सात वर्षांपूर्वी हेच वाक्य तिला सुरीसारखं लागलं होतं. आज त्यात तिला ऐकू आलं ते एवढंच, की हा माणूस रुसून बसला आहे आणि उद्या सकाळी उठल्यावरही त्याला हे लक्षात असणार आहे.

*

अबोल्याची ही दुसरी आवृत्ती पहिल्यासारखी काही जमली नाही. भूपालांचं तोंड नेटानं बंद होतं. हात मात्र ऐकत नव्हते. घाणा निघाला की त्यांचा उजवा हात कढईत जायचा, मूठ भरायची आणि थेट त्रिशलापुढं जायचा. मग ते त्या हाताकडं असे बघायचे, जसा तो गल्लीतल्या दुसऱ्या कुणाचा हात असावा. त्रिशला भडंग उचलायची, चाखायची आणि भिंतीला सांगायची, “मीठ कमी आहे.” भिंत काही करायची नाही. भूपाल मीठ घालायचे.

“वन्सं, हात कुणाचा ते विचारा त्यांना.”

“भूपा, ती विचारतीय, हात कुणाचा.”

“तिला सांग, हाताला हात म्हणतात.”

शेवटच्या सोमवारी पद्माक्कानं हेही डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर हसल्या. “सवयी मेंदूत वेगळ्या ठिकाणी मुरतात, काकू. तिथला घाणा काकांचा बंद पडला नव्हता. चार वर्षं रोज जे केलं, ते हातांना ठाऊक आहे. का ठाऊक आहे ते मात्र काकांना ठाऊक नाही.” भूपाल हे ऐकत होते. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

पण त्या दिवसापासून ते विचारात बुडायला लागले. चार वर्षं. त्या चार वर्षांत आपण होतो, चाललो, बोललो, कुणाशी हसलो, आणि आपल्यालाच पत्ता नाही. ते गल्लीत विचारत सुटले. न्हाव्याला विचारलं, शेजारच्या शिंप्याला विचारलं, बस्तीतल्या उपाध्यांना विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, “अण्णा, झकास होता की तुम्ही. एवढे मोकळे कधी बघितले नव्हते.” एका पुतणीच्या लग्नातला फोटो कुणीतरी दाखवला. त्यात ते त्रिशलाच्या खांद्यावर हात टाकून खळखळून हसत होते. फोटो त्यांनी तीन वेळा मोठा करून पाहिला.

आणि मग त्यांना तो प्रश्न पडला. तो पडला तेव्हा ते जेवत होते. घास तोंडातच राहिला.

“अक्का, त्या चार वर्षांत मी कुणाच्या हातचं जेवत होतो?”

“तिच्या.”

“लसूण गेला का माझ्या पोटात?”

पद्माक्कानं भाकरी मोडली. “मला काय ठाऊक? मी माझं वेगळं करून खाते. मला बारा वाजता झोप लागती.”

“मग विचार तिला.”

“हा निरोप मी न्यायची नाही, भूपा.” पद्माक्का एवढ्या सरळ आवाजात क्वचितच बोलायची. “मीठ, चहा, विजेचं बिल, काय सांगशील ते नेईन. हे तुझं तू विचार.”

ते बस्तीत गेले. उपाध्यांना म्हणाले, अजाणता नेम मोडला असेल तर प्रायश्चित्त सांगा. उपाध्ये म्हणाले, “किती मोडला ते कळल्याशिवाय किती सांगू? घरी विचारून या.” ते दोन वेळा उपाशी राहिले. साठ वर्षं सांभाळलेली एक गोष्ट होती त्यांच्याकडं, बापाच्या हातून आलेली. ती शाबूत आहे की नाही हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसावर आपण विश्वास ठेवत नाही असं त्यांनी सात वर्षांपूर्वी जाहीर केलेलं होतं.

त्रिशलाला हे सगळं दिसत होतं. प्रश्न येणार, हे तिला कळत होतं, आणि भीतीही तिलाच जास्त होती. उत्तर खरं होतं. पण खऱ्याला काय, ते खोट्याच्याच आवाजात बोलतं. रक्ताच्या एका थेंबातून मेंदूतली प्रथिनं मोजणारं यंत्र मिरजेत होतं, पण चार वर्षांत जिभेवरून लसणाची पाकळी गेली की नाही, ते सांगणारं यंत्र अजून निघालं नव्हतं. तिच्याकडं तिचा एक शब्द होता. आणि कढईच्या वेळी त्याची किंमत गेली होती.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं. बाजाराचा दिवस, दारात चार-पाच गिऱ्हाइकं आलीच होती. घाणा निघाला. या वेळी भूपालांचा हात पुढं आला तो रिकामा होता. त्यांनी तो परत घेतला, टॉवेलला पुसला.

“त्रिशला.”

तिनं झारा खाली ठेवला. पोत्यावरची पद्माक्का एकदम बहिरी झाली आणि शेंगदाणे निवडू लागली.

“त्या चार वर्षांत,” भूपाल म्हणाले, “मला लसूण...”

“नाही.”

“एकदाही?”

“तीनदा मागितलात.”

भूपालांनी भट्टीच्या कठड्याला धरलं.

“पहिल्यांदा दिवाळीच्या आधी. भिंतीपलीकडून वास आला, उठून गाळ्यात आलात. म्हणालात, कुणाचं गं हे भडंग, काय वास आहे, दे की मूठभर. मी म्हटलं, तुमचा नेम आहे. तुम्ही म्हणालात, कुणी सांगितलं? म्हटलं, तुम्हीच. तर म्हणालात, मग मी मोडतो. म्हटलं, तुम्ही मोडाल हो, मी मोडू देणार नाही. रुसलात. अर्धा तास रुसलात, मग का रुसलो तेच विसरलात.” ती जरा थांबली. “दुसऱ्यांदा तर डबाच उचललात. तो काढून घेताना माझी बांगडी फुटली.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा म्हणालात, तू खातेस आणि मला देत नाहीस. म्हणून मीही खायचं सोडलं. दोन वर्षं झाली. विकते, खात नाही.”

पोत्यावरून पद्माक्कानं मान वर केली. हे तिलाही नवं होतं.

“कढई मात्र मी बाटवली,” त्रिशला म्हणाली. “ते खरं आहे. पाचदा घासली, त्यापेक्षा तुम्हाला एकदा सांगायला हवं होतं. आता ह्याला पुरावा म्हणाल तर काही नाही माझ्याकडं. मी सांगतेय, एवढंच आहे.”

भूपालांनी टॉवेल खांद्यावर टाकला. त्यांच्या डोक्यात रक्त आता नीट फिरत होतं, घाणा जोरात चालू होता, आणि जे ते ऐकत होते ते या वेळी जिथल्या तिथं पक्कं होत होतं. त्रिशलाला तेवढं दिसत होतं. बाकी काय चाललंय ते दिसत नव्हतं. एका गिऱ्हाइकानं घसा खाकरला.

“डबा उचलला मी?” भूपालांनी विचारलं.

“दोन्ही हातांनी.”

“ह्या वयात?”

“ह्याच वयात.”

त्यांच्या पोटातून कुठूनतरी हसू निघालं. पहिल्यांदा नाकातून आलं, मग खांदे हलले, मग ते कठड्यावर हात मारून हसायला लागले. फोटोत होते तसेच, फक्त आता ते त्यांना स्वतःलाही ऐकू येत होतं. डोळे पुसून ते म्हणाले, “आज दुपारी तू वाढ मला.”

“काय करू?”

“काहीही कर. विचारायचं बंद केलंय मी.” मग त्यांनी पोत्यातली एक रिकामी पिशवी काढून झटकली, भट्टीशेजारी पसरली आणि तिच्यावर हात ठेवून म्हणाले, “बस इथं. पहिल्या दिवसापासून सांग. आणखी काय काय केलं मी?”

“चार वर्षांचं आहे ते.”

“असू दे.”

“अण्णा,” दारातून एकानं हाक मारली, “पावशेर देताय का? गाडी सुटंल माझी.”

भूपालांनी मान वळवली. “थांबा की जरा,” ते म्हणाले. “आम्ही बोलतोय.”